फोनची वही

प्रज्योत म्हणाला, ॲपचं नंतर.
आधी पंधरा दिवस एक वही ठेवा:
फोन कुणाचा, कशासाठी, किती वेळ.
तोवर नाव, रंग, लोगो, काही काढू नका.
(विश्रामबागेत एका खोलीत चार मुलं बसतात,
त्यातलं हे थोरलं.
चपला पेढीच्या पायरीखाली काढून आत आला
तेव्हाच वडिलांचा निम्मा होकार झाला होता.)

दिवाणजींनी वही घातली. लाल कापडी पुठ्ठा, वर श्री.
वही घालायची ती पाडव्याला;
ही भर माघात, म्हणून जरा कुरकुरले.

पंधरा दिवसांत चारशे सोळा फोन.
दोनशे नव्वद : आज राजापुरीला काय निघालं.
सत्तर : पट्टी झाली का, पैसे कधी.
एकतीस : गाडी यार्डाच्या कुठल्या गेटातून घालू.
तीन राँग नंबर, त्यातला एक दिवाणजींच्याच जावयाचा.
नऊ भांडणाचे.
उरलेले तेरा एकाच माणसाचे,
रायबागकडच्या सिद्राम हुक्केरींचे.
रविवार सोडून रोज, सौदे उठले की सव्वाबाराला.
कारणाच्या रकान्यात पहिल्या दिवशी ‘दर’,
दुसऱ्या दिवशी ‘दर’,
तिसऱ्या दिवशी ‘बोलणं’,
आणि मग खालपर्यंत नुसत्या दोन-दोन टिंबांच्या खुणा.

त्यांची सव्वीस पोती हरिपूरच्या पेवात आहेत.
चौथं वर्ष.

मंगळवारी गोदामाच्या दारावर प्रज्योतनं खडूनं
तीन चौकटी काढल्या : शेतकरी, खरेदीदार, आपण.
वडील म्हणाले, आणि हमाल?
चौथी काढली.
दस्तगीरभाईंनी तिच्याकडं बघत कानावरची विडी काढली
आणि परत कानावर ठेवली.
मी म्हटलं, कन्नड.
तो म्हणाला, दुसऱ्या टप्प्यात.
मी म्हटलं, निम्मी हळद कृष्णेच्या पलीकडून येते
आणि बोलत बोलत येते.
खडू मोडला. कन्नड पहिल्या टप्प्यात आलं.

हुक्केरींचं काय, यावर बराच वेळ गेला.
ते काही विकत नाहीत, म्हणजे हिशेबात ते गिऱ्हाईक नाहीत.
प्रज्योत म्हणाला, बारा दहाला नोटिफिकेशन पाठवू,
त्यांना फोन करायलाच लागणार नाही.
वडिलांनी चष्मा काढला.
म्हणजे त्यानं फोन करू नये
म्हणून पैसे आपण भरायचे?

मग चहा.
चहात दस्तगीरभाई, कुणी विचारलं नसताना :
पेव उघडलं की आत पहिल्यांदा कोण जातं?
मी नाही जात. कंदील जातो.
दोरीला बांधून सोडायचा, बघत राहायचं.
विझला, तर कंदीलच गेला. माणूस वरच.
तुमचं हे कुणाला सोडून बघणार?

त्यातनं एवढं ठरलं :
आधी शंभरच शेतकरी, ओळखीचे, शिव्या देतील असे.
फक्त दर. दोन्ही भाषा. अक्षर हळकुंडाएवढं.
पट्टी दिवाळीनंतर.
खरेदीदारांची चौकट पुसायची नाही, पण हातही लावायचा नाही.
आणि प्रत्येक पानाच्या तळाला पेढीचा फोन नंबर,
प्रज्योतला तो कितीही बेढब दिसो.
खर्चाचा आकडा मी मुद्दाम पेन्सिलीनं लिहिला.
वडिलांनी तो पेननं गिरवला, पण एक शून्य सोडून.

सोळाव्या दिवशी वहीचं काम संपलं होतं.
सव्वाबाराला फोन वाजला, दिवाणजी जेवायला, मी घेतला.
दर सांगितला.
हां, म्हणाले. मग म्हणाले,
ते नवीन काढायलाय म्हणं तुमी. त्यात कालचा दर दिसंल?
दिसेल.
गेल्या सालचा?
तोही.
आन् तवा इकलं असतं तर माझं किती झालं असतं, ते?
काढता येईल, म्हटलं, त्यात काय अवघड नाही.

पलीकडं एस.टी.चा हॉर्न, कोंबडी, कुणीतरी बादली ठेवली.

मग ते तेवढं घालू नगा, बाई.

‘करायचे नाही’ असं एक पान मी वहीत त्या दिवशी उघडलं.
पहिली नोंद त्यांच्या नावानं आहे.